टंगवेट काका

अमेरिकेतल्या बहुतेक महाराष्ट्र मंडळांत एक टंगवेट काका सापडतात. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणी नुसतं म्हणावं, "उन्हाळ्यात फिरायला छोटासा ट्रेलर घेतोय," की काका मोदकासकट आडवे येतात.

"ओढणार कशाने?"

"मिनीव्हॅनने. ३५०० पौंड ओढते म्हणाला सेल्समन. ट्रेलर तर २८०० चाच आहे."

काका डोळे मिटतात. "ते ड्राय वेट, अरे! त्यात पाणी धरलं नाही, सामान धरलं नाही, कुकर धरला नाही. वीस गॅलन पाणी म्हणजेच १६७ पौंड!"

मग वरात पार्किंगमध्ये. ड्रायव्हरचं दार उघडून काका आतल्या खांबावरचा स्टिकर वाचतात: माणसं आणि सामान मिळून १२०० पौंड. हाच गाडीचा पेलोड. भरलेला ट्रेलर ३३०० चा धरला, तर त्यातला दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांड्यातून गाडीच्या हिचवर येणार. हेच ते टंग वेट. धरा ४००. हिचचं लोखंड ५०. उरले ७५०.

"आता बसणार कोण कोण? तुझं वजन किती गं?"

हे सासूदेखत. ती सांगते त्यात काका मनातल्या मनात पंधरा मिळवतात. नवरा, ती, दोन मुलं, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा: ७८०. "लोणच्याच्या बरण्या अजून धरल्याच नाहीत," काका आईंकडे बघत म्हणतात.

"ट्रेलरमधलं सामान मागे सरकवलं तर? पुढचा भार कमी होईल."

इथे मात्र काकांचा चेहरा खरोखर उतरतो. पुढे भार कमी पडला की हायवेवर ट्रेलर झुलायला लागतो, आणि मग गाडी कुठे जायची ते ट्रेलर ठरवतो. वैताग याचाच येतो, की काकांचं बरोबर असतं.

त्यांच्या स्वतःच्या ट्रेलरचा दांडा फळीवर टेकवलेला असतो. फळीचं एक टोक विटेवर, दुसरं काकूंच्या बाथरूममधल्या वजनकाट्यावर. विटेपासून दांडा एक फूट, काटा तीन फूट. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट खरं वजन. त्या काट्यावर आता माणसं उभी राहत नाहीत. सुट्टीत कुठे गेला होतात, असं काकूंना विचारलं तर त्या म्हणतात, "ट्रक स्टॉपवर. काट्यावर. रिकामा ट्रेलर नेऊन आलो, मग भरलेला नेऊन आलो."

पुढच्या गणपतीला तो मुलगा मोठी एसयूव्ही घेऊन येतो. लेदर सीट, काचेचं छप्पर, सगळं वरच्या मॉडेलचं. लोक अभिनंदन करत असतात. काका थेट ड्रायव्हरचं दार उघडून वाकतात.

"सनरूफ घेतलंस? गेली ना आई पेलोडमधून!"