शेगड्याचे राष्ट्रीयत्व

शेगडा, ज्याला आजचा कारखाना सरसकट व्हाइस म्हणतो, हे कामाच्या बाकावर बोल्टांनी जखडलेले दोन जबड्यांचे साधन असून त्यातील एक जबडा आयुष्यभर जागचा हलत नाही, तर दुसरा आट्यांच्या दांड्यावर पुढे सरकत मधली वस्तू त्याच्या अंगावर दाबून धरतो. कानस, करवत, छिन्नी ही हत्यारे कर्तृत्ववान मानली जातात, कारण ती काहीतरी करताना दिसतात. शेगडा नुसता धरून ठेवतो, आणि नुसते धरून ठेवणाऱ्याकडे जगाचे जेवढे लक्ष जाते तेवढेच त्याच्याकडे जाते. याला अपवाद एकच, तो विकत घेण्याची वेळ. सुरतेच्या उत्तरेला, उत्राणच्या पुढचे स्थानक असलेल्या कोसाडच्या परिसरात एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये नवा शेगडा हवा झाला, की शेठ, मास्तर (म्हणजे माग लावून देणारा आणि बिघडल्यास दुरुस्त करणारा जाणता कारागीर), शेजारचा लेथवाला आणि कुणीही न बोलावता आलेला चहावाला यांची परिषद भरते, तीत गुजराती, हिंदी, ओडिया आणि खानदेशातून आलेली अहिराणी अशा सर्व भाषांत एकाच वेळी मते मांडली जातात, आणि परिषदेपुढे प्रश्न मात्र एकच असतो, की देशी घ्यायचा की बाहेरचा.

बाहेरच्या मालाविषयीचा आदर सुरतेला नवा नाही. जहांगीर बादशहाच्या परवानगीने इंग्रजांनी १६१३ साली येथे वखार घातली, पाठोपाठ डच आले, आणि जहाजातून उतरलेल्या वस्तूत मुळातच काही अधिक असते हा समज रुजायला या बंदराला चार शतकांचा अवधी मिळाला. मराठी वाचकाला या ठिकाणी १६६४ साल आठवणे अपरिहार्य आहे. त्या वर्षी शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा देशी सावकारांच्या पेढ्या रिकाम्या झाल्या, परंतु इंग्रज आणि डच वखारी आपापल्या बंदोबस्तामुळे वाचल्या, आणि परदेशी गोष्ट अधिक टिकते या सिद्धान्ताला तेवढाच एक ऐतिहासिक आधार मिळाला. (लुटीच्या वर्णनांत सोने, रुपे, मोती येतात, शेगडा येत नाही, घोड्यावर काय लादावे आणि काय लादू नये याचे भान त्या स्वारीत होते.) पुढे स्वातंत्र्यानंतर आयातीवर परवान्यांचे राज्य आले, तेव्हा तर परदेशी हत्यार हे वापरण्यापेक्षा दाखवण्याची वस्तू झाले, आणि जे हत्यार वापरलेच जात नाही त्याचे दोष कळण्याचा मार्ग उरत नसल्याने त्याची कीर्ती वाढतच गेली.

वास्तविक शेगड्याच्या गुणवत्तेचा विचार धातूपासून सुरू करावा लागतो. दांडीची लांबी मध्यापासून टोकापर्यंत २५० मिलिमीटर आणि आट्यांचे अंतर, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात जबडा जेवढा सरकतो तेवढे, ५ मिलिमीटर धरले, तर एका फेऱ्यात हात सुमारे १,५७० मिलिमीटर फिरतो आणि जबडा ५ मिलिमीटर हलतो. हिशेबाने जोर ३१४ पट होतो, आणि त्यातला तीनचतुर्थांश घर्षणाने खाल्ला असे मानले तरी २० किलोच्या ओढीतून दीड टनाची पकड मिळते. दीड टनावर समाधान न मानणारा मनुष्य प्रत्येक शेडमध्ये एक तरी असतो. तो दांडीवर पाण्याचा पाइप चढवतो, आणि त्यामुळे दांडीची लांबी दुप्पट झाली तर पकड तीन टनांवर जाते. हा सारा भार जबड्याच्या मुळाशी, आतल्या अंगाला ताणाच्या रूपाने येतो. करडे बीड, म्हणजे ज्यातील कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो असे ओतीव लोखंड, दाबाला उत्तम टिकते आणि हादरेही जिरवते; परंतु त्यातील प्रत्येक पापुद्र्याची कड ही आयती भेग असल्यामुळे ताण आला, की ते न वाकता आणि कसलीही पूर्वसूचना न देता तुटते. यावरचा उपाय १९४३ साली अमेरिकेत कीथ मिलिस यांना सापडला. वितळलेल्या रसात थोडे मॅग्नेशियम घातले, की ग्रॅफाइटचे पापुद्रे न होता बारीक गोळ्या होतात, आणि भेगेला धावायला वाट उरत नाही. या बिडाला कारखान्यात एसजी आयर्न म्हणतात. नेहमीच्या २०० प्रतीच्या करड्या बिडाची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला २०० न्यूटन असते, तर ५००/७ या प्रतीच्या एसजी आयर्नची ५०० न्यूटन असते आणि शिवाय ते तुटण्यापूर्वी ७ टक्के लांबते, म्हणजे मोडण्याआधी निदान नाराजी तरी व्यक्त करते. दोनशे आणि पाचशे यांतील हा फरक शेफील्डमध्ये, शिकागोत आणि जालंधरमध्ये सारखाच राहतो. कोणत्याही देशाच्या पारपत्रावर तो बदलून मिळत नाही. जाणत्या रचनाकाराची खूण अशी, की तो दांडी जबड्यापेक्षा मुद्दाम कमकुवत ठेवतो, कारण अतिजोर झाल्यास आधी स्वस्तातली दांडी वाकावी आणि महागातला जबडा वाचावा. वाकलेली दांडी हा शेगड्याने दिलेला लेखी इशारा असतो; बहुतेक ठिकाणी तो हातोडीने सरळ करून पुन्हा त्याच्याच पोटात खुपसला जातो.

देशाच्या नावावरून माल ओळखण्याच्या पद्धतीचा इतिहासही तिच्या बाजूने साक्ष देत नाही. ब्रिटिश संसदेने १८८७ साली व्यापारचिन्हांचा कायदा केला आणि परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची सक्ती केली, ती मुख्यतः शेफील्डच्या कारखानदारांच्या तक्रारीमुळे, कारण जर्मन कारखाने त्यांच्या सुऱ्याकात्र्यांची स्वस्त नक्कल करून विकत होते. ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द गिऱ्हाइकाला सावध करण्यासाठी होते. थोड्याच वर्षांत जर्मन माल इतका सुधारला, की ती अक्षरे गिऱ्हाइक मुद्दाम शोधू लागले, आणि आज कोसाडमध्येही ती ऐकली की मास्तर टोपी सावरतो. शेगड्यांची घराणीही अशीच सरमिसळ झालेली आहेत. शेफील्डचा नामांकित रेकॉर्ड शेगडा कालांतराने अमेरिकी कंपन्यांच्या मालकीत गेला. अमेरिकेचे भूषण मानला जाणारा विल्टन १९४१ साली शिकागोत सुरू केला तो एका चेक स्थलांतरिताने. आणि गुरुग्रामची ग्रोज ही कंपनी कित्येक वर्षे हत्यारे आणि शेगडे परदेशांत पाठवत आली आहे. तेव्हा दूरदेशीच्या नातेवाइकाने मोठ्या प्रेमाने आणि त्याहून मोठे सामानाचे भाडे भरून आणलेला ‘फॉरेनचा’ शेगडा हरियाणात जन्मून परत आलेला असणे मुळीच अशक्य नाही.

‘परदेशी’ या कोटीतही पुन्हा वर्णव्यवस्था आहे. जर्मन आणि जपानी माल वरच्या पंगतीला बसतो आणि ‘चायना’ हा शब्द हार्डवेअरच्या दुकानात शिवी म्हणून वापरला जातो. ज्या शेठला चिनी शेगड्याचा दोनतीन हजारांचा धोका पत्करवत नाही, त्याच्याच शेडमध्ये लाखो रुपये मोजून आणलेले चिनी रेपियर माग रात्रंदिवस चालू असतात, आणि या विसंगतीकडे लक्ष वेधले असता तो ‘मशीनची गोष्ट वेगळी’ असे उत्तर देतो, ज्याचा प्रतिवाद तर्कशास्त्राला अद्याप साधलेला नाही.

स्वदेशनिष्ठांचा पक्षही निर्दोष नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडामुळे जमिनीत विष भिनेल या भीतीने दोन वर्षे तो कुणी घेतला नाही, हा दाखला हा पक्ष नेहमी देतो, आणि त्यावरून प्रत्येक न खपणारी देशी वस्तू ही गैरसमजाची बळी असते असे अनुमान काढतो. किर्लोस्करांचा नांगर चांगला होता, हा या दाखल्यातील महत्त्वाचा भाग असून तोच सांगायचा राहतो. देशी शेगड्यांत काही असे असतात, की ज्यांत ओतकामातली भोके पुट्टीने बुजवून त्यावर निळा रंग इतका जाड दिलेला असतो, की शेगड्याचा खरा मालक रंगारीच ठरावा. बाकाच्या शेगड्यांसाठी आयएस २५८६ हे भारतीय मानक आहे. परंतु खरेदीच्या वेळी ते वाचणारापेक्षा शेगडा दोन्ही हातांनी उचलून ‘वजन चांगले आहे’ असे म्हणणारा अधिक आढळतो, जणू तो पुढे आंब्यांच्या शेजारी तराजूत ठेवायचा आहे.

किंमत आणि मोल यांतला फरक मात्र खरेदीच्या दिवशी कळत नाही, तो दहा वर्षांनी जबड्याच्या पट्ट्या झिजतात तेव्हा कळतो. या पट्ट्या, म्हणजे जबड्यांच्या तोंडावर स्क्रूने बसवलेले, पाणी देऊन कडक केलेले खाचदार पोलादी तुकडे, आणि आतली आटेदार नट या दोन गोष्टी झिजण्यासाठीच असतात. देशी शेगड्याच्या बाबतीत लेथवाला जुनी नट समोर ठेवून नवी कापून देतो आणि पट्ट्यांना भोके पाडून देतो. जुन्या विलायती शेगड्याचे आटे इंचाच्या मापाचे असतात, नव्याचे मिलिमीटरचे, आणि सुटा भाग मागवायचा तर तो शेगड्याच्या किमतीशी स्पर्धा करीत येतो. जर्मनीच्या ह्यूअरसारखा, ओतलेला नसून तापवून ठोकून घडवलेला पोलादी शेगडा मात्र खरोखर वेगळ्या जातीचा आहे, आणि ज्याचे काम रोज घणाशी आहे त्याने पैसा असल्यास तो अवश्य घ्यावा. पैसा नसल्यास भंगारात मिळणारा पायाचा शेगडा पाहावा. त्याचा एक पाय जमिनीपर्यंत जाऊन घाव धरणीला देतो, आणि लोहारांच्या कित्येक पिढ्यांनी त्याला बडवूनही तो बहुधा धडधाकट सापडतो.

मागाचे सुटे भाग कानसणे, दांडे सरळ करणे, चावीचे गाळे साफ करणे एवढेच काम असलेल्या कोसाडच्या शेडला एसजी आयर्नचा १५० मिलिमीटरचा, म्हणजे बाजाराच्या भाषेत सहा इंची, देशी शेगडा पुरेसा आहे, आणि त्यासाठी कित्येक पट पैसे मोजून बाहेरचा आणणे हा शौक आहे, गुंतवणूक नव्हे. घेताना जबडे अर्धे उघडून पुढचा जबडा वरखाली हलवून पाहावा, आणि मग जबड्यांच्या दोन्ही टोकांना कागदाची एकेक पट्टी हलक्या हाताने आवळून ती ओढून पाहावी. दोन्हींपैकी एक जरी सहज सुटली, तर दुकानदार कोणत्याही देशाचे नाव घेवो, पुढचे दुकान गाठावे.