किल्ली हरवली, हिशेब सापडला

भाडेकरूने किल्ली हरवली, तर नव्या कुलपाचे पैसे कोणी द्यायचे? भाडेकरूने. संपला विषय.

इतक्यात संपला असता, तर डिपॉझिट परत घेताना पुण्या-मुंबईत एवढी वादावादी झाली असती का?

केंद्राने २०२१ साली आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना राज्यांकडे पाठवला. कोणी काय दुरुस्त करायचं, याची त्यात यादीच आहे. भिंतींचा रंग, पाइप, वायरिंग मालकाकडे. नळाचा वॉशर, स्विच, खिडकीची काच भाडेकरूकडे. आणि दाराचं कुलूप बदलणंही भाडेकरूकडेच! मालकांनी हे पान फ्रेम करून लावावं.

फक्त आधीचं पान झाकून ठेवावं. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, असं तिथे लिहिलंय.

नमुना राज्याने स्वीकारला तरच लागू. आपल्याकडे १९९९चा भाडे नियंत्रण कायदा आणि ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स. करारात कुत्रा, नॉनव्हेज, पाहुणे, भिंतीतले खिळे, सगळ्यांना कलम असतं. हरवलेल्या किल्लीबद्दल?

अवाक्षर नाही.

मग मालकाच्या मनाला येईल तो आकडा. किल्लीवाल्याला विचारा. बऱ्याच मॉर्टाइज लॉकमध्ये नुसता सिलिंडर बदलता येतो. दाराच्या कडेचा एक स्क्रू काढायचा, दुसरी किल्ली जराशी फिरवायची, सिलिंडर बाहेर. काम एवढंसं. डिपॉझिटमधून कापले जातात मात्र फिंगरप्रिंटवाल्या डिजिटल लॉकचे पैसे.

किल्ली भाडेकरूची हरवली, बढती दाराला मिळाली.

‘करारात दहा हजार दंड लिहिलाय,’ असं सांगणारेही असतात. लिहा की! १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं, भरपाई वाजवीच मिळेल. लिहिलेला आकडा ही फक्त कमाल मर्यादा. पण पाच-सात हजारांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार? मालकाला ते पक्कं ठाऊक असतं.

‘किल्ली चोराच्या हाती लागली तर?’ रास्त प्रश्न. पण मागच्या भाडेकरूने काढलेली डुप्लिकेट कुठे आहे? त्याच्या आधीच्याची? एजंटच्या ड्रॉवरमधली? भाडेकरू बदलले तेव्हा कुलूप का नाही बदललं?

तेव्हा चोर नव्हते. तेव्हा खर्च मालकाचा होता.

भाडेकरूही धुतल्या तांदळासारखे नाहीत. किल्ली हरवली की तोंडात मिठाची गुळणी. रूममेटच्या किल्लीवरून फुटपाथवर डुप्लिकेट काढायची, घर सोडताना मोजून दोन किल्ल्या मालकाच्या हातावर ठेवायच्या. हिशेब चोख.

तिसरी शहरात कुठे फिरतेय, ते पुढच्या भाडेकरूने बघावं.

आणि लॅच जुनं होऊन किल्ली आतच तुटली तर? भाडेपट्ट्यातली वाजवी झीज १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदासुद्धा मान्य करतो. इंग्रजाला कळलं ते. मालकाला कधी कळणार?

उपाय एका वाक्याचा. किल्ली हरवली तर कुलपाचा प्रत्यक्ष खर्च, पावती दाखवून, भाडेकरूने द्यावा. भाडेकरू बदलला तर मालकाने. करारात घालायला सांगून बघा. पहिला अर्धा भाग लगेच टाइप होईल.

दुसऱ्या अर्ध्याला एजंट म्हणेल, ‘साहेब, असं फॉरमॅटमध्ये नसतं.’