किलोमीटरला एक मोदक

न्यूकॅसल अपॉन टाइन
३० ऑगस्ट २०२४

ती. आई आणि ती. बाबा यांना,


आई, परवा फोनवर तुम्ही आवाज खाली आणून विचारलंत, "त्याला दमा-बिमा तर नाही ना गं झाला? दर रविवारी फोन करतो आणि नुसत्या धापा टाकतो." मागून बाबाही ओरडले, "डॉक्टरला दाखव म्हणावं." काळजी करू नका. तुमचे चिरंजीव ठणठणीत आहेत. जुलैत नागावला होतो तेव्हा जे पळण्याचं खूळ तुम्ही पाहिलंत, ते विमानतळावर उतरेल अशी माझीही आशा होती. ते आमच्याबरोबरच परत आलं.

त्या रविवारच्या फोनचं असं आहे. ह्यांच्या वेळापत्रकात रविवारी लांबचा पल्ला असतो आणि तो इतक्या सावकाश पळायचा असतो, की पळता पळता गप्पा मारता आल्या पाहिजेत. वाक्य अर्धवट तुटलं की समजायचं, वेग जास्त झाला. आता सकाळी सातला इथे गप्पा मारायला कोण मिळणार? शेजारचे आजोबा एकदा कुत्र्याला घेऊन ह्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले. तेव्हापासून ते कुत्र्याला संध्याकाळी फिरवतात. राहता राहिलात तुम्ही. तिकडे साडेअकरा झालेले, आई भात टाकायच्या बेतात, बाबा मोकळे. तेव्हा बाबा, तुम्ही सुपारीच्या भावावर तासभर बोलता आणि मुलगा "हूं, हूं" करतो ना, तो सुपारीत लक्ष घालत नसतो. "हूं" म्हणताना दम लागतो का, ते बघत असतो.

शर्यतीचं नाव ग्रेट नॉर्थ रन. ब्रेंडन फॉस्टर नावाच्या इथल्याच धावपटूने, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवल्यावर काही वर्षांनी, म्हणजे १९८१ साली ती सुरू केली. न्यूकॅसलच्या गावातून निघायचं, टाइन नदीचा पूल ओलांडायचा, गेट्सहेडमधून पुढे जायचं आणि साउथ शील्ड्सच्या समुद्रावर थांबायचं. अंतर २१.०९७५ किलोमीटर. बाबांना कळेल अशा हिशेबात, अलिबागहून मांडव्याच्या जेट्टीपर्यंत आणि वर थोडं. साठ हजारांच्या आसपास माणसं पळतात. अलिबाग नगरपालिकेच्या हद्दीतली सगळी जनता उभी केली तरी निम्मी भरणार नाही. मो फरा इथे २०१४ पासून ओळीने सहा वर्षं जिंकला. त्याला तासभर लागायचा. ह्यांना अडीच तास पुरतील असं हे म्हणतात. मी काही म्हणत नाही.

ते शेवटचे साडेसत्त्याण्णव मीटर कुठून आले, ह्यावर आमच्याकडे रोज जेवताना व्याख्यान होतं. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांसमोर संपली. ते अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर आणि पुढे तेच कायम झालं. त्याची निम्मी ही हाफ मॅरेथॉन. थोडक्यात, राणीसाहेबांची खुर्ची जिथे होती, त्यापायी आमच्या घरच्या माणसाला आज शंभर मीटर जास्तीचे.

नाव सोडतीत लागलं. म्हाडाच्या घरासाठी किती वर्षं अर्ज भरले, कधी साधी प्रतीक्षायादी नाही, आणि ही सोडत पहिल्या फटक्यात! मी म्हटलं, नशीब पण बघा कुठे उघडतं.

इथली सुरुवात टाउन मूरवर झाली. गावाच्या अगदी मध्याजवळ मोठं मोकळं कुरण आहे आणि नागरिकांच्या जुन्या हक्कामुळे आजही तिथे गायी चरतात. शनिवारी सकाळी नऊला तिथे पार्करन असते, पाच किलोमीटर, फुकट. (ही मूळ २००४ ची लंडनची कल्पना.) आई, तुम्हाला बरं वाटेल, शनिवारी सकाळी ह्यांना गोदर्शन घडतं. एकदा एक गाय वाटेतच बसली होती. हे तिला उजवी घालून गेले आणि मागचे इंग्रज त्यांच्या मागोमाग तसेच.

पण खरी तालीम झाली ती नागावला. भरती-ओहोटीच्या बाबतीत बाबांना मानलं! ह्यांच्या मनगटावरच्या घड्याळाला उपग्रह दिसतात, नाडीचे ठोके कळतात, रात्री किती वेळ घोरलात तेही कळतं. समुद्रावर पळायला वाळू आहे की पाणी, एवढंच कळत नाही. २८ जुलैचा रविवार आठवतोय ना? हे पहाटे ओटीवर बसून नाड्या बांधतायत आणि बाबा झोपाळ्यावर बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, "आज अष्टमी. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती. पळणार कुठे, सुरूत?" ह्यांनी घड्याळाकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि गेले. अर्ध्या तासाने पोटऱ्यांपर्यंत भिजून परत. बाबांनी एक अक्षर काढलं नाही, फक्त बशी खाली ठेवली. पुढच्या रविवारी अमावास्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे पहाटे पाचच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. त्या दिवशी आक्षीपर्यंत फरशीसारखी टणक वाळू मिळाली आणि हे खूश. फक्त ती अमावास्या गटारीची होती. उजाडता उजाडता एक माणूस घामाने निथळत, लाल तोंडाने, अडखळत किनाऱ्यावरून येतोय म्हटल्यावर जाळी आवरणारी मंडळी काय समजायचं ते समजली. एकाने तर आपुलकीने हात धरून खाली बसवलं आणि म्हणाला, "सकाळी सकाळी एवढी घेऊ नये, दादा."

रस्त्यावर पळावं तर मिनीडोरवाले पळू देत नाहीत. शेजारी गाडी सावकाश करून, "बसा हो, पैसे नको," म्हणतात. व्यायाम करतोय म्हटलं तर त्यांच्या चेहऱ्यावर अधिकच कणव. शिवाय पावसाळ्यातल्या आपल्या हवेत घाम नुसता वाहतो, सुकत नाही, आणि सुकला नाही तर अंग थंड होत नाही. इथे ज्या वेगाने हे गप्पा मारतात, त्या वेगाने तिकडे रामनामसुद्धा जमेना. चढाचा सराव म्हणून कनकेश्वरला गेले. सातशेच्या वर पायऱ्या. निम्म्यावर बसले होते, तेव्हा फुलांची टोपली घेतलेल्या एक आजी मागून आल्या, "अजून लांब आहे हो," असं धीर देऊन पुढे गेल्या, आणि हे वर पोचेपर्यंत दर्शन घेऊन खालीही आल्या.

बुटांची किंमत मी तुम्हाला सांगितली नव्हती, ती धाकटीने सांगितली. बाबांनी लगेच चौगुल्यांचं उदाहरण दिलं. ते खरंच आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची मुलं दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२० मध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. पावणेत्रेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन दोन तास एक्कावन्न मिनिटांच्या आत, एकोणिसावा नंबर! मी हे ऐकवलं तर हे म्हणाले, "त्यांच्या पायांना सवय होती." ह्यांच्याही होती की. वाडीत सातवीपर्यंत अनवाणीच हिंडत होते ना? आता अर्धा नंबर मोठा बूट घेऊनसुद्धा अंगठ्याचं नख काळं पडलंय आणि ते पाहुण्यांना दाखवतात.

तुम्ही केसांसाठी दिलेलं घाण्यावरचं खोबरेल संपत आलंय. ते केसांना लागलेलं नाही. लांब पळताना कातडीला कातडी घासते तिथे लावतात. कुठे, ते पत्रात लिहीत नाही.

नागोठण्याच्या सुकेळ्यांचा मात्र सोन्यासारखा उपयोग झाला. दीड-दोन तास पळलं की स्नायूंतली साखर संपत येते, म्हणून लोक वाटेत जेलची पाकिटं पिळून पितात. चिकट, गोड, औषधाच्या वासाचा पदार्थ. ह्यांनी एकदा घेतलं आणि नंतर दिवसभर पोट धरून बसले. मग सुकेळ्याचे तुकडे करून खिशात घालून बघितले. मस्त चालले. आता खिशाच्या अस्तराला ते असे चिकटतात, की मशीन तीनदा लावावं लागतं. ते काम माझं.

सध्या घरात सर्वांत कठीण काळ आहे, कारण पळणं कमी झालंय. शर्यतीआधी दोन आठवडे पल्ले उतरवत आणायचे, स्नायू ताजे ठेवायचे, असा दंडक आहे. माणूस मोकळा राहिला की त्याला दुखणी सुचतात. सोमवारी डावा गुडघा, मंगळवारी उजवा घोटा, बुधवारी "मला कणकण वाटतेय का, बघ." कोणी शिंकलं की दुसऱ्या खोलीत जातात. बाजाराच्या पिशव्या उचलत नाहीत, जिना चढत नाहीत, वरून काही हवं असलं तर मुलांना पाठवतात. पळत होते तेव्हा बरं होतं, निदान घराबाहेर असायचे.

आता मुख्य प्रश्न. कालनिर्णयाप्रमाणे चतुर्थी शनिवारी ७ तारखेला आणि शर्यत रविवारी ८ ला. आपला गणपती दीड दिवसाचा. मूर्ती तुम्ही पेणहून आणून दिलीत तीच, शाडूची. कपड्यांत गुंडाळून, हातातल्या बॅगेतून सुखरूप आली. नैवेद्याचे एकवीस मोदक आणि किलोमीटरही एकवीस, हा योगायोग ह्यांना सापडल्यापासून उत्साहाला भरती आलीय. शर्यतीआधी पिठूळ खायचंच असतं, तांदळाची उकड आणि गूळ म्हणजे उत्तमच, किलोमीटरला एक मोदक, असा त्यांचा सिद्धांत. उरलेले साडेसत्त्याण्णव मीटर तुपावर. खोबरं आणि तूप पोटात जड बसेल, हे मी सांगून पाहिलं. सात मोदकांवर तडजोड झालीय, ती टिकेल असं नाही. ऋषिपंचमीची भाजी मात्र त्यांना शर्यत संपल्यावरच. अळू-सुरण पोटात घेऊन साठ हजार लोकांत पळायचं म्हणजे रस्त्यावरच्या तात्पुरत्या संडासांच्या रांगा बघता परवडणारं नाही.

शर्यत इथल्या अकराच्या सुमाराला सुटेल. संपून, मेट्रोच्या गर्दीतून घरी यायला पाच तरी वाजतील. तोवर तुमचं विसर्जन होऊन गेलेलं असेल, तेव्हा रात्री साडेनऊला बाबांनी व्हिडिओवरून उत्तरपूजा सांगावी. आरती धाकटी म्हणणार आहे. विसर्जन परसात बादलीत. ह्यांना वाकता येणार नाही हे गृहीत धरून बादली मी स्टुलावर ठेवणार आहे.

तुमची
सूनबाई

ता. क. बाबा, ८ ला दुपारी साडेतीन ते सहाच्या मध्ये ह्यांचा फोन आलाच तर दोन वाक्यांत ठेवा. सुपारीचा विषय नको. गप्पा मारत बसले तर काळोख पडायच्या आत समुद्र दिसणार नाही.