एका रुपयात दोन

हाताने पत्र लिहू पाहणाऱ्या मुरगूडकरांसाठी ही नियमावली. लेखकाची पात्रता: कित्ता गिरवताना खाल्लेल्या छड्या आणि पुण्यात राहणारा धाकटा भाऊ.

नियम पहिला. कार्डं नेहमी दोन घ्यावीत. पोस्टकार्ड आपल्याकडे 1879 साली आलं, तेव्हा पाव आण्याला होतं. आज पन्नास पैशांना आहे. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं चालतं, बाजारात चालत नाही. एकच कार्ड मागितलं, की खिडकीपलीकडचा माणूस आपल्याकडे बघतो आणि आपण त्याच्याकडे.

नियम दुसरा. आधी पत्ता. मजकुराच्या नादात जागा संपते आणि पिनचे सहा आकडे कडेकडेनं मुंग्यांसारखे चालू लागतात. पिन 1972 पासून आहे, तरी 'मु. पो. मुरगूड, ता. कागल' एवढ्यावर भागतं असा आमच्याकडे समज आहे. भागतंही, हीच अडचण.

नियम तिसरा, पेन. इथे शास्त्र गंभीर होतं. शाईपेन कुणाला देऊ नये. निब मालकाच्या हाताप्रमाणे झिजतं आणि 'एक सही करतो' म्हणणारा तेवढ्यात ते फाकवून ठेवतो. शाई सुकली तर गार पाण्यानं धुवावं, गरम पाणी नको. एवढं करून कार्डावर मात्र बॉलपेननंच लिहावं. कार्ड शाई पितं, आणि वेदगंगा पात्राबाहेर येते त्या दिवसांत आपला मजकूरही कार्डाबाहेर जातो. वडील तरी शाईनंच लिहायचे. आम्ही निम्मं वाचायचो, निम्मं ओळखायचो.

नियम चौथा. वर 'श्री'. वाईट बातमी असेल तर नको.

नियम पाचवा. 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. कुणी विचारलं तरच सांगावं. धाकट्याला 'चि.' लिहावं. माझा चिरंजीव 58 वर्षांचा आहे, गुडघे दुखतात.

नियम सहावा, अक्षर. मोडी लिहिणारे आधी आडवी रेघ ओढून घेत आणि मग अक्षरं तिला टांगत. मीही करून बघितलं. अक्षरं दोरीवरच्या कपड्यांसारखी दिसली, तीही वाऱ्याच्या दिवशी.

कार्ड पोचतं त्या संध्याकाळी पुण्याहून फोन येतो.

"आण्णा, पत्र मिळालं. काय लिहिलंयस तेवढं सांग की."

मग मी सांगतो. गुरं, ऊस, गळणारं छप्पर, शेजाऱ्यांनी सरकवलेला बांध. अर्धा तास जातो. एरवी नुसता फोन केला तर दुसऱ्या मिनिटाला 'बरं, ठेवतो' होतं. आई गेल्यावर कितीतरी वर्षं तेवढंच व्हायचं.

नियम सातवा. अक्षर सुधारू नये.

दुसरं कार्ड अजून कोरं पडलंय. तुमचा पत्ता कळवा. पिनसकट.