डिस्कचा सातबारा

रात्री दाराला कडी घालण्याआधी आई चपला मोजायची. माणसं नव्हे, चपला. अण्णांच्या कोल्हापुरी, आत्याच्या रबरी स्लिपर, थोरल्याचे कॅनव्हासचे बूट, माझी एक चप्पल (दुसरी पायरीखाली, नाहीतर शेजारच्या कुत्र्याकडे). जोड भरले की घर भरलं. आत कोण तापानं फणफणलंय, कोण रुसून भिंतीकडे तोंड करून झोपलंय, ही चौकशी निराळी. ती चपलांकडे करून भागत नाही.

पन्नासएक वर्षांनी हे आठवलं ते भाच्यामुळे. मागच्या दिवाळीत त्यानं माझ्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स घालून दिलं आणि निघताना पथ्य सांगावं तशा आवाजात बजावलं, "मामा, डीडी चालवायच्या आधी एलएसबीएलके मारायचं. दर वेळी. विसरलास तर नंतर मला फोन करू नकोस."

आमच्या पिढीला डीडी म्हणजे दूरदर्शन. तिथे फार तर व्यत्यय यायचा. लिनक्समधली डीडी ही आज्ञा इकडचं तिकडे जसंच्या तसं उतरवून देते, पण त्याआधी 'नक्की ना?' एवढंही विचारत नाही. पेनड्राइव्हच्या जागी चुकून घरच्या डिस्कचं नाव पडलं, तर आपल्या लग्नाच्या फोटोंवरून नांगर फिरवून मोकळी होते. म्हणून आधी कोण कुठे बसलंय ते बघून घ्यायचं.

एलएसबीएलके. औषधाला एक स्वर नाही. सलग म्हणून पाहिलं तर गरम कढी ओरपल्यासारखा आवाज होतो. यातलं एलएस म्हणजे लिस्ट आणि बीएलके म्हणजे ब्लॉक. युनिक्सच्या मंडळींना टाइप करायचा इतका कंटाळा, की शब्द निम्मे खाऊनच बाहेर काढतात. बायको डोंबिवलीची. 'ब्लॉक' ऐकल्यावर तिनं स्वयंपाकघरातूनच विचारलं, "किती स्क्वेअर फूट?" इथला ब्लॉक वेगळा. डिस्क एकेक अक्षर उचलून देत नाही, ठरावीक मापाचे ठोकळे देते, म्हणून तिची जात ब्लॉकची. पण बायकोचा प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता, हे आज्ञा दिल्यावर कळलं. पडद्यावर चक्क सातबारा उतरला.

पहिल्या रकान्यात एसडीए, त्याला फांद्या फुटून खाली एसडीए१, एसडीए२. म्हणजे गट नंबर आणि त्याचे पोटहिस्से. पार्टिशन म्हणजे वाटणीच की! पुढे क्षेत्र. त्यापुढे आर-ओ नावाचा रकाना. तिथे १ असेल तर नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. आणि शेवटी माउंटपॉइंट, म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट कोणाची. ज्या तुकड्यापुढे हा रकाना कोरा, ती जमीन पडीक; आहे, पण कोणी कसत नाही. आमच्या गावच्या जमिनीचा उतारा मला आजतागायत धड वाचता आलेला नाही. हा पहिल्या झटक्यात आला. शिवाय कोणाला चहा पाजावा लागला नाही.

नावांच्या बाबतीत मात्र सावध राहावं लागतं. 'एसडी' हे मुळात स्कझी डिस्कचं आडनाव. आता घरात स्कझी शोधून सापडायची नाही, पण साटा डिस्क काय नि पेनड्राइव्ह काय, सगळे लिनक्समध्ये त्याच दारातून आत येतात आणि दत्तक गेल्यासारखं तेच आडनाव लावतात. मागचं ए, बी, सी हे अक्षर वयावर मिळत नाही, मानावर मिळत नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तशातला प्रकार. मशीन चालू होताना ज्याचा रुमाल आधी पडला तो ए. आज एसडीबी असलेली स्वारी उद्या एसडीसी होऊन बसते, आणि डीडी तर विचारत नाही. खरी ओळख यूयूआयडी नावाच्या लांबलचक क्रमांकात असते. तो आधारसारखा, असतो सगळ्यांना, पाठ कोणालाच नसतो.

क्षेत्राच्या रकान्यावरून घरात थोडी कुरबुर झाली. मी एक टेराबाइटची डिस्क आणल्याचं बायकोला माहीत होतं. उताऱ्यावर ९३१.५ जी. "बाकीचे कुठे गेले?" या प्रश्नात तिच्या माहेरच्या एका जागेच्या व्यवहाराचा सूर होता. मी सांगितलं, डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, त्याचा टेरा म्हणजे सरळ एक लाख कोटी बाइट. ही आज्ञा मोजते १०२४च्या पटीत. माल तेवढाच, माप वेगळं. तिचा चेहरा काही सैल होईना. मग तोळा आठवला. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि आता पेढीवर तोळा म्हणून हातात पडतो तो १० ग्रॅमचा. "असं होय!" म्हणाली आणि गेली. जे मला समजायला एक रविवार लागला ते तिला सोन्यामुळे अर्ध्या मिनिटात समजलं.

जुलैच्या सुमारास कॉम्प्युटरच्या पेटीतून आवाज येऊ लागला. कट्. मग थोडं थांबून, कट् कट्. बायकोला वाटलं पाल. पण पाल चुकचुकते, ही कटकटत होती. मी लगोलग एलएसबीएलके मारलं. डिस्क जागेवर, पोटहिस्से जागेवर, क्षेत्र पूर्ण, वहिवाट चालू. मी निर्धास्त होऊन भाच्याला तसं कळवलं.

"मामा, तो शेतावर जात नाही रे," भाचा म्हणाला.

म्हणजे असं, की कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानं, सिसएफएस नावाचं दप्तर मांडून ठेवलेलं असतं; कोण जोडलं गेलंय, केवढं आहे, सगळं त्यात लिहिलेलं. एलएसबीएलके ते दप्तर बघून उतारा देतो. डिस्कच्या बांधावर पाय ठेवत नाही. चावडीत बसून पीकपाहणी लिहिणारे तलाठी आपल्याला नवे नाहीत. डिस्क आतून झडत चालली असली तरी जोवर ती हाकेला ओ देते तोवर उताऱ्यावर तिचं नाव ठणठणीत. आईच्या चपलाच त्या.

तब्येत विचारायची तर दुसरी आज्ञा लागते, स्मार्टकंट्रोल. तिला आधी पासवर्ड द्यावा लागतो. डिस्क स्वतःवर नजर ठेवते, नोंदी ठेवते, आणि कोणी विचारलं तर सांगते. या सोयीला स्मार्ट म्हणतात. मी एच हे अक्षर जोडून विचारलं. उत्तर आलं: आरोग्याच्या स्वयंमूल्यमापनाचा निकाल, 'पास्ड'.

स्वयंमूल्यमापन! मी तेहतीस वर्षं नोकरी केली. दर मार्चला स्वयंमूल्यमापनाचा कागद भरला. त्यात मी कधीही नापास झालो नाही. इथे तर पास होण्याची रेघसुद्धा डिस्क बनवणारी कंपनीच आखते. त्या रेघेच्या खाली घसरेपर्यंत डिस्क पास. विंडोजमधली डब्ल्यूएमआयसी नावाची जुनी आज्ञा तर याहून मितभाषी, ती नुसतं 'ओके' म्हणायची.

आणि मला एकदम अण्णांचा आवाज ऐकू आला. वय ८६. तब्येत कशी आहे विचारलं की ठरलेलं उत्तर: "मला काय धाड भरलीय!" मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या टेबलावर ते हेच म्हणाले होते.

स्मार्टकंट्रोल हे हत्यार कोणी बनवलं, त्याची कथा मला फार आवडते. ते ज्यात येतं तो स्मार्टमॉनटूल्स हा प्रकल्प २००२ साली सुरू करणारे ब्रूस ॲलन हे तेव्हा विस्कॉन्सिनमधले भौतिकशास्त्रज्ञ, आणि त्यांचा विषय गुरुत्वीय लहरी. या लहरींनी होणारी हालचाल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. ती शोधायला कॉम्प्युटरांचा ताफा लागतो, ताफा म्हटला की डिस्कांचा ढीग आला, आणि ढीग म्हटला की त्यातली एखादी रोज कुठेतरी मान टाकणारच. सप्टेंबर २०१५मध्ये १३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन कृष्णविवरांची टक्कर या लहरी टिपणाऱ्या लायगो वेधशाळेला कळली. हाताच्या अंतरावरची डिस्क धडधाकट आहे का, हे कळायला मात्र तिलाच विचारावं लागतं. तसलीच एक लायगो वेधशाळा आता आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. केंद्रानं २०२३मध्ये २,६०० कोटी मंजूर केलेत. तिथेही डिस्कांचे ढीग लागतील आणि नागनाथाच्या पंचक्रोशीतला कोणी पोरगा रात्रपाळीला बसून 'पास्ड, पास्ड' वाचत असेल.

त्यानं त्यावर किती विसंबावं? २००७ साली गूगलच्या तीन अभियंत्यांनी लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास करून लिहिलं, की मेलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी स्मार्टच्या चार ठळक लक्षणांपैकी एकही दाखवलेलं नव्हतं. परवा तर चांगले बोलत होते हो, त्यातलाच प्रकार.

भाचा म्हणाला, एच नको, ए लाव. लावलं. लांबलचक कोष्टक आलं. चालू अवस्थेतले तास ४१,६१२, म्हणजे जवळजवळ पावणेपाच वर्षं अखंड ड्यूटी. तापमान ४४. मग 'रीॲलोकेटेड' ११२: खराब झालेल्या ११२ जागा डिस्कनं कोणाला न सांगता राखीव साठ्यातून बदलून घेतल्या होत्या. आतल्या आत रफू. त्याखाली 'पेंडिंग' २४, म्हणजे चोवीस जागांची प्रकरणं प्रलंबित. वाचता येत नाहीत, पण मेल्याचं अजून जाहीर केलेलं नाही. या सगळ्याच्या वर, ठसठशीत, 'पास्ड'.

त्याच दिवशी नवी डिस्क आणली. एलएसबीएलके तीनदा मारलं, गट नंबर कागदावर लिहून काढले, बायकोकडून तपासून घेतले, आणि डीडीच्या वाटेला न जाता साध्या कॉपीनं फोटो उतरवायला बसलो. लग्न, बारसं, अण्णांची पंचाहत्तरी. कट् कट् चालू होतं. पंचाहत्तरीतले चार फोटो आलेच नाहीत, ते त्या चोवीसांत असावेत.

कॉपी चालू असताना गावी फोन लावला. अण्णांनीच घेतला.

"तब्येत कशी आहे, अण्णा?"

"मला काय धाड भरलीय! पाऊस आहे का तिकडे?"

"आहे. जरा आईकडे द्या ना."

आईनं फोन घेतला. मी म्हटलं, "सगळं सांग." पलीकडे खुर्ची सरकल्याचा, मग ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला.

"थांब, वही काढते," आई म्हणाली. "सोमवारपासून सांगू की एक तारखेपासून?"

"एक तारखेपासून."

"एक तारखेला सकाळी बीपी एकशे बावन्न. गोळी घेतली म्हणाले, पण पाकिटात तेवढ्याच होत्या. दोन तारखेला जिन्यावर बसले होते, मला म्हणाले चप्पल शोधतोय..."

मागून अण्णा ओरडत होते, "अगं, काय वाचून दाखवतेस त्याला!"