शेठचा पोऱ्या मॉल काढतोय म्हणे!

"ऐकलंस का गं? शेठचा पोऱ्या जव्हारला दुसरं दुकान टाकतोय. एसटी स्टँडाच्या बाजूला. काचेचं दार, आत थंड हवा, नि सामान घालून फिरवायला ढकलगाडी!"

आमच्या काकीचं असंच असतं. कुंपणाशी आली की बातमी आधी, खुशाली मागून. हातात सूप, सुपात नागली, नजर मात्र रस्त्यानं कोण येतंय-जातंय यावर.

"चालेल की काकी. पोरगा हुशार आहे."

"हुशार तर बापपण हाय. पर आपल्या गावात इतकी वर्सं बसून त्याचं एकाचं दोन झालं नाय. नि आमचा भाचा सांगतो, मुंबैवाल्यांची एकेकाची शंभर-शंभर दुकानं. डीमार्ट मुंबैचं, क्रोमा मुंबैचं, ते कपड्याचं शॉपर्स स्टॉप, वेस्टसाइड, समदी तिथलीच. बाकी मुलखात काय दुकानदार जल्मत नायत?"

काकीचा भाचा भिवंडीच्या गोदामात कामाला आहे, त्यामुळे दुकानदारीवर बोलायचा पहिला मान काकीचा. मी जव्हारच्या कॉलेजात कॉमर्स शिकले, म्हणून दुसरा माझा.

"दुकानदार सगळीकडे आहेत गं. डीमार्टचे दमाणी काय, बिग बझारचे बियाणी काय, मारवाडी घराणी. व्यापार अंगातच. पण तसे व्यापारी गावोगाव गेले, डोंगरात आपल्याकडेही आले. फरक पडला तो गिऱ्हाइकाचा."

"म्हंजे आमीच वाईट?"

"वाईट कसली? तुझ्या हातात पैसा कधी येतो ते सांग."

काकी पाखडता पाखडता थांबली. "दिवाळी झाली की वीटभट्टीवाल्याची उचल. ती घरातच जिरते. मंग पावसाआधी हिशेब होऊन काय उरलं तर उरलं. मधी मोगऱ्याचं थोडं येतं, तेपण दादरला भाव असंल तर."

"नि तोवर तेल-मीठ?"

"शेठच्या वहीत."

"आता मुंबईच्या गिरणी कामगाराचं बघ. त्याचा पगार ठरल्या तारखेला व्हायचा. नायगावात अशाच गिरणी कामगारांनी एकत्र येऊन १९४८ साली ग्राहक सहकारी संस्था काढली. तेच अपना बाजार. पुढे १९७५ला मुंबई ग्राहक पंचायत आली. शेजारपाजारची घरं एक संघ करणार, महिन्याची यादी देणार, पंचायत सगळ्यांचं मिळून घाऊक घेणार नि वाटून देणार. अमुक तारखेला अमुक हजार घरं रोख पैसे देऊन किराणा भरणार, हे तिथल्या व्यापाऱ्याला आधीच ठाऊक. मोठ्या दुकानाला आणखी काय लागतं?"

"मंग शेटलोकांनी ते बघून उचललं म्हन की."

"दमाणींनी तर नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी घेतली होती, १९९९च्या सुमारास. म्हणजे त्या नावानं दुकान चालवायला घेतलं. ती पद्धत काही त्यांना पटली नाही. मग २००२ साली पवईला स्वतःचं पहिलं डीमार्ट काढलं. त्याआधी ते शेअर बाजारात. पैसा, बाजार नि गिऱ्हाईक, तिन्ही एकाच शहरात."

"पर स्वस्त कसं देतात गं? भाचा म्हनतो, साखर आपल्या शेठपरीस कमी."

"माल देणाऱ्या कंपनीचे पैसे ते झटपट चुकते करतात. इतर दुकानदार महिना-महिना लोंबकळत ठेवतात. लवकर पैसे मिळाले की कंपनी भाव पाडून देते. शिवाय बऱ्याच जागा स्वतःच्या, म्हणजे भाड्याची कटकट नाही. बिग बझारचं उलट झालं. पहिली दुकानं २००१ साली, कोलकात्यापासून सुरुवात, पण कारभार सगळा मुंबईतून. भाड्याच्या जागा नि कर्जाचा डोंगर. मधे करोना आला. २०२२मध्ये त्यांच्या कितीतरी जागा रिलायन्सकडे गेल्या."

"बघ! उधारीनं मोठेपण बुडतात." काकीला हे फारच आवडलं. सूप खाली ठेवून तिनं पदर खोचला. "नि भिवंडीचं काय? मुंबैची दुकानं नि गोदामं तिकडं कशापाई?"

"जकातीपायी. मुंबईत माल शिरला की महापालिकेची जकात. भिवंडी त्या हद्दीबाहेर, नाशिकचा हायवे दारात, न्हावाशेवा बंदरही फार लांब नाही. मग माल तिथं उतरवायचा, लागेल तसा आत न्यायचा. २०१७ला जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र राहिली."

"राहिली म्हनून तर आमचा पोऱ्या हाय तिथं. दिवसभर खोके मोजतो. हातात ते टुकटुक वाजनारं यंत्र, खोक्याला लावलं की लाल उजेड पडतो. पन्नास तऱ्हेची बिस्किटं हाताखालून जातात, घरी येताना एक पुडा आनत नाय."

"आणला तर नोकरी जाईल ना गं."

"जाऊ दे. पर मला सांग, लहान गावात असं कुटं झालंच नाय का?"

"झालं की. अमेरिकेतलं वॉलमार्ट १९६२ साली रॉजर्स नावाच्या छोट्याशा गावात सुरू झालं. तिकडे घरोघर मोटारी, आसपासच्या खेड्यांचं गिऱ्हाईक एकाच दुकानात यायचं. एवढं लांब कशाला, कोल्हापूरकडचं वारणानगर घे. तात्यासाहेब कोऱ्यांनी साखर कारखाना उभा केला, दूध संघ आला, नि मग वारणा बाजार. खेड्यात सुपर बाजार! उसाचं बिल, दुधाचं बिल घरात यायला लागलं, म्हणून तो चालला."

"आपल्याकडं ना ऊस, ना दूध."

"म्हणून म्हणते, शेठला नावं ठेवू नकोस. त्याचं भांडवल त्याच्याकडे असतंच कुठे? सगळं वहीत. वाण्याकडून माल आणणार आज, तुझे पैसे येणार पावसाच्या तोंडावर. मधल्या महिन्यांचं व्याज तो भावात लावतो, म्हणून साखर महाग. नि दुसरं दुकान काढायला गाठीला काही उरत नाही."

काकीनं दाराशी टांगलेल्या पिशवीतून तंबाखू काढली, चिमूट मळली. "मंग जव्हारला त्याचं कसं चालनार?"

"तिथं चालेल. तहसील आहे, पंचायत समिती आहे, दवाखाना, शाळा-कॉलेजं, आदिवासी प्रकल्पाचं ऑफिस. मास्तर, नर्सबाई, कारकून, सगळ्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत. आत्ता ते लोक मोठी खरेदी करायला नाशिक गाठतात. त्यातले निम्मे जरी अडवले तरी पोऱ्याचं भागलं. फक्त उधार द्यायचं नाही, एवढं पाळलं पाहिजे."

"हुशार हाय गं पोऱ्या," काकी म्हणाली. मग जरा गप्प झाली. तंबाखूचा हात तसाच. "पर काचेचं दार, थंड हवा, जागेचं डिपॉझिट... येवढा पैका आननार कुटून?"

"आणखी कुठून? बापाची वही आहे ना. काल सकाळपासून पोरगा वही काखेत मारून पाड्यावर फिरतोय म्हणे. ज्याच्या नावावर जास्त, त्याच्याकडे आधी."

"अगं बया! मंग हे आधी नाय का सांगायचं!" काकीनं सूप उचललं. "तो आला नि इचारलं, तर सांग, काकी भाच्याकडं भिवंडीला गेली. पोळ्याला येनार."