हर्ट्झराव

आता जवळपास प्रत्येक सोसायटीत एक हर्ट्झराव असतो. वय पन्नाशीला टेकलेलं, नोकरी अकाउंट्सची, आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम, आणि टेबलावर २७ इंची वक्र गेमिंग मॉनिटर. मागे जांभळा दिवाही लागतो. गेम म्हणाल तर सॉलिटेअरच्या पुढे मजल गेलेली नाही.

आपण चहाला जावं, तर चहाआधी मॉनिटर येतो. "साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, हा १४४ वेळा! म्हणजे १६.७ मिलिसेकंदांचं काम ६.९ मध्ये." समोर जीएसटीचा ताळमेळ उघडलेला असतो. त्यातला न जुळणारा आकडा सेकंदाला १४४ वेळा नव्याने काढला जातो आणि १४४ वेळा जुळत नाही.

पडद्याचा बाक १८०० आर. म्हणजे १८०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. हे वर्तुळ ते हाताने हवेत काढून दाखवतात, तेव्हा आपण कप सांभाळायचा. एक्सेलच्या सरळ रेघा त्यावर किंचित वाकतात. वहिनींचं म्हणणं, हिशेब तरी सरळ लागू देत.

आता न्यायाने बोलायचं तर अशा पडद्यावर लांबलचक शीट खाली सरकवताना अक्षरं खरंच कमी फरफटतात. पण हर्ट्झराव दिवसभर बघतात ते थांबलेले आकडे, आणि त्यांना वेग नाही, पिक्सेलांची दाटी लागते. १९२० बाय १०८० चं चित्र २७ इंचांवर ताणलं की इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल उरतात. आठ आणि तीन सख्खे भाऊ दिसू लागतात. मग ते झूम १५० करतात, बरेच रकाने पडद्याबाहेर जातात, आणि ते बघायला पुन्हा सरकवावं लागतं. "बघा, किती स्मूद!"

एकदा मॉनिटरची बटणं चाचपताना मधोमध लाल फुली उगवली, बंदुकीचा नेम धरायची. ती जाईना. ती मॉनिटर स्वतःच काढतो, त्यामुळे स्क्रीन शेअर केली तरी दुसऱ्या कुणाला दिसत नाही. आठवडाभर व्हिडिओ मीटिंगमध्ये ती साहेबांच्या बरोबर कपाळावर होती. "त्या आठवड्यात एकाही मीटिंगला मला डुलकी लागली नाही," हे त्यांनी मला जिन्यात, आवाज खाली आणून सांगितलं.

दिवाळीत भाचा आला. त्याने विंडोजच्या सेटिंगमध्ये डोकावून पाहिलं, तर पडदा आणल्या दिवसापासून ६० वरच चालत होता. त्याने १४४ निवडून दिलं.

"मग इतके महिने तुम्हाला जो फरक जाणवत होता, तो?" मी विचारलं.

"तेव्हा अंदाज आला होता," हर्ट्झराव म्हणाले, "आता खात्री पटली. भाचा म्हणतो, २४० चाही येतो."